पाठकोऱ्या कागदावरची नावं

(मंडळाच्या गणेशोत्सवात बालविभागातर्फे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बालविभागाचं काम आम्ही चौघं बघतो. माईक एकाच्या हातात असला तरी मजकूर चौघांनी मिळून लिहिलाय, म्हणून बोलताना 'आम्ही'च म्हणणार आहोत. फळ्यावर विषय लिहिलाय, 'चिकटकाम आणि नाझींच्या छावण्या'. काल फळा लागल्यापासून बऱ्याच जणांनी विचारलं, 'अहो, गणपतीत हे काय मध्येच?' प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर गेल्या वर्षीच्या वेशभूषा स्पर्धेत आहे.

तुमच्यापैकी बहुतेक जण त्या संध्याकाळी इथे होतात. शिवाजी महाराज आले, झाशीची राणी आली, भाजीवाली आली, मोबाईलचा टॉवर आला. मग एक लहानगा आला. नाकाखाली काजळाची चौकोनी मिशी, वडिलांचे गुडघ्यापर्यंतचे गमबूट, दंडाला लाल पट्टी. हात पुढे करून तो ओरडला, 'मी हिटलर! सगळे चूप!' मंडप हसला. आम्हीही हसलो. टाळ्या वाजल्या आणि परीक्षकांनी त्याला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. बक्षिसाच्या पाकिटावर नाव आम्हीच घातलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या आवरताना एक आजी जवळ आल्या. मंडळातल्या जुन्या. माहेर कुलाबा जिल्ह्यातलं, म्हणजे आताच्या रायगडमधलं. त्यांनी हळूच विचारलं, 'पोराच्या दंडावर काय होतं, पाहिलंत का रे? आमच्या शेजारी बेने इस्रायली राहायचे. त्यांच्या घरचा मलिदा मी खाल्लाय. आज त्यांच्यातलं कुणी इथे बसलं असतं तर?'

आमच्याकडे उत्तर नव्हतं. मंडपाच्या उंबऱ्याशी रांगोळीचं स्वस्तिक होतं, आपलं, मांगल्याचं. त्या पट्टीवर तेच चिन्ह तिरकं करून, काळ्या रंगात, पांढऱ्या वर्तुळात बसवलेलं होतं. एकाच मंडपात दोन्ही होती आणि आमच्या डोळ्यांना ते खुपलंही नव्हतं.

त्या मुलाला आम्ही काही बोललो नाही. चूक त्याची नव्हतीच. घरात कुणी कडक वागलं की 'अगदी हिटलर आहे' असं आपणच म्हणतो. पुस्तकांच्या स्टॉलवर त्याचं आत्मचरित्र यशाचे मंत्र सांगणाऱ्या पुस्तकांच्या रांगेत मांडलेलं असतं, मराठीतसुद्धा. मुलाने आपल्याकडूनच उचललं. तेव्हा आधी आपण शिकायचं ठरवलं. आम्ही चित्रकलेची माणसं, म्हणून चित्रांच्या वाटेने गेलो. वर्षभर जे वाचलं त्याचा हा हिशेब.

चिकटकाम आपल्यापैकी प्रत्येकाने केलंय. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला घोटीव कागद, कात्री आणि खळ असायची. मोठ्यांच्या चित्रकलेत त्यालाच कोलाज म्हणतात. आणि आपल्या आयाबायांना तर ते कुणी शिकवावंच लागलं नाही. गोधडी दुसरं काय असते? आजीचं लुगडं, आजोबांचं धोतर, बाळाचं झबलं. फाटलेलं वेगवेगळं असतं, पण टाके घातले की एक पांघरूण होतं, आणि कुठला तुकडा कुणाचा हे ओळखूही येतं. ओळख राखून जोडणं, ही गोष्ट पुढे लक्षात ठेवा.

आता जर्मनीत जाऊ. जॉन हार्टफील्ड नावाचा एक कलाकार होता. मूळ नाव हेल्मुट हर्झफेल्ड. पहिल्या महायुद्धात जर्मनीत इंग्रजद्वेष शिकवला जात होता, त्याचा निषेध म्हणून याने मुद्दाम इंग्रजी नाव घेतलं. छापील फोटो कापून, जुळवून तो नवीन चित्र तयार करायचा. १९३२ साली, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याच्या आदल्या वर्षी, त्याने हिटलरचा भाषण करतानाचा फोटो घेतला आणि त्याच्या छातीवर एक्स-रे जोडला. आत काय दिसतं? कण्याच्या जागी सोन्याच्या नाण्यांची चळत, आणि हृदयाच्या जागी ते तिरकं चिन्ह. गरिबांच्या नावाने गळा काढणाऱ्याच्या पोटात कुणाचा पैसा आहे, हे रस्त्यावरच्या माणसाला एका नजरेत कळलं. पुढच्या वर्षी त्याला धरायला नाझी घरात शिरले. गच्चीतून उडी मारून तो निसटला आणि डोंगर ओलांडून चेकोस्लोव्हाकियात गेला. हे वाचलं तेव्हा आमच्या मनात आलं, त्या माणसाने कात्रीने हिटलरचा वेश उतरवला होता, आणि नव्वद वर्षांनी आम्ही तोच वेश एका मुलाला चढवून बक्षीस दिलं.

दुसरा कलाकार कुर्ट श्विटर्स. तो रस्त्यावरची बसची तिकिटं, पाकिटं, फाटक्या जाहिराती गोळा करून चिकटवायचा. एका बँकेच्या जाहिरातीतला शब्द अर्धा कापला गेला, 'मर्झ' एवढाच उरला, आणि तेच त्याने आपल्या कलेचं नाव ठेवलं. १९३७ मध्ये नाझींनी म्युनिक शहरात 'विकृत कला' म्हणून एक प्रदर्शन भरवलं. आवडलेल्या चित्रांचं नव्हे, हिणवण्यासाठी लावलेल्या चित्रांचं! त्यात श्विटर्सची चित्रंही टांगली होती. तो आधीच देश सोडून गेला होता.

याच १९३७ साली आपल्या मुंबईचे महापौर कोण होते? डॉ. ई. मोझेस. बेने इस्रायली. महालक्ष्मीकडून वरळीला जाताना त्यांच्या नावाचा रस्ता लागतो, त्यावरून आपल्यातले कितीतरी जण गेले असतील. तिकडे ज्यूंना नोकऱ्यांतून काढत होते, इकडे कोकणातून आलेल्या एका ज्यू घराण्यातला डॉक्टर शहराचा पहिला नागरिक होता. शेकडो वर्षं हे लोक आपल्यात राहिले. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. आडनावं आपल्यासारखीच, गावावरून, शेवटी 'कर'. भाषा मराठी. त्यांनी मराठीतून कीर्तनंसुद्धा केली. आजींच्या शेजारचे ते लोक हेच.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती एका बाईंची आहे. त्यांचं नाव फ्रीडल डिकर-ब्रँडाइस. जन्म १८९८, व्हिएन्ना. आई लहानपणीच गेली. वडील कागद-पेन्सिलीच्या दुकानात नोकरीला होते, त्यामुळे बालपण कागदाच्या वासातच गेलं. पुढे त्या वायमारच्या बाऊहाऊस या नामांकित कलाशाळेत शिकल्या. योहानेस इटेन हे त्यांचे गुरू. १९२२ साली कलकत्त्याला बाऊहाऊसच्या कामाचं प्रदर्शन भरलं होतं, म्हणजे ती शाळा आपल्या देशाला अगदीच अनोळखी नव्हती. इटेन मुलांना आधी हातांनी शिकवायचे. लोकर, लाकूड, कागद, पत्रा चाचपून बघा, शेजारीशेजारी लावा, काय काय जाणवतं ते पाहा.

फ्रीडल यांनी पुढे फर्निचर केलं, कापड विणलं, नाटकांचे पोशाख केले. नाझींचा जोर वाढला तेव्हा वर्तमानपत्रांतले फोटो कापून त्यांच्याविरुद्ध फलकही केले. त्यातल्या एका फलकात तान्ह्या बाळाभोवती त्या काळच्या जगाची कात्रणं आहेत. बाळा, तू ज्या जगात आलास ते असं आहे, हे त्या चित्रातून त्या सांगत होत्या. १९३४ मध्ये त्यांना अटक झाली. सुटल्यावर त्या प्रागला गेल्या, तिथे पावेल ब्रँडाइस यांच्याशी लग्न केलं आणि निर्वासितांच्या मुलांना चित्रकला शिकवू लागल्या. देश सोडून जायची संधी त्यांना होती, पण त्या गेल्या नाहीत. डिसेंबर १९४२ मध्ये नवरा-बायकोला तेरेझिनला नेण्यात आलं.

तेरेझिन हे प्रागपासून साधारण साठ किलोमीटरवरचं तटबंदीचं गाव. नाझींनी ते रिकामं करून तिथे ज्यूंना कोंडलं. सुमारे एक लाख चाळीस हजार माणसं तिथे आणली गेली. तेहतीस हजारांच्या आसपास तिथेच भुकेने आणि रोगाने मेली, आणि ऐंशी हजारांहून अधिक माणसं पुढे पूर्वेकडच्या छावण्यांत पाठवली गेली. जगाला मात्र ते सुखाने नांदणारं गाव म्हणून दाखवलं गेलं. जून १९४४ मध्ये रेडक्रॉसचे पाहुणे आले, त्याआधी घरांना रंग दिले गेले. मुलांना आईबापांपासून वेगळं काढून खोल्याखोल्यांत ठेवलेलं होतं.

माणसाला बरोबर पन्नास किलो सामान न्यायची मुभा होती. आपण काय नेलं असतं? गरम कपडे, पीठ, औषधं. फ्रीडल यांनी सामानात रंग आणि कागद भरले. तिथे औपचारिक शाळेला बंदी होती, पण चित्रं काढायला आडकाठी नव्हती. माळ्यावर, मुलींच्या खोल्यांत त्यांनी वर्ग घेतले. कागद संपले. मग कचेरीतले वापरलेले छापील अर्ज घेतले, ज्याला आपण पाठकोरे म्हणतो. त्याच रंगीत फॉर्मांचे तुकडे कापून मुलं चिकटकाम करायची. ज्या कारभाराने त्यांना कोंडलं होतं त्याच कारभाराचे कागद कापून त्यांतून घर, झाड, फुलदाणी, बोट, माणसं तयार झाली. काही चित्रांत कापलेल्या तुकड्यावरची छापील अक्षरं अजून दिसतात.

तिथली भयानकता काढा, असं त्या मुलांना सांगत नसत. फूल काढा, घर काढा, आठवतं ते काढा, या लयीत हात फिरवा, असं सांगत. वाचताना आम्हाला आधी नवल वाटलं. मग उमगलं. दिवसभर त्या मुलांच्या आयुष्यात दुसरंच कुणी ठरवत होतं. कधी उठायचं, कुठे झोपायचं, कोणत्या गाडीत चढायचं. चिकटकामात निदान हा तुकडा इथे की तिथे, हे मूल स्वतः ठरवत होतं. चिकटकामाला 'चुकलं' नसतंच, तुकडा सरकवला की झालं. चित्राने मुलाचं मन सावरतं हे ज्ञान जगभर नेणाऱ्यांपैकी एडिथ क्रेमर या प्रागमधल्या त्यांच्याच विद्यार्थिनी. त्या अमेरिकेत गेल्या आणि तिथे चित्रोपचाराच्या शाखेचा पाया घालणाऱ्यांत गणल्या गेल्या.

आणि फ्रीडल यांचा एक आग्रह होता. कागदावर आपलं नाव लिहायचं. एवढं काय त्यात, असं आपल्याला वाटेल. पण मुलांना तिथे आणणाऱ्यांच्या वह्यांमध्ये ती गाडीतली आकडे होती. पुढे आउशविट्झला तर हातावर आकडा गोंदला जाई. अशा ठिकाणी एक बाई दर तासाला मुलांना स्वतःचं नाव लिहायला लावत होत्या.

सप्टेंबर १९४४ च्या अखेरीस त्यांच्या नवऱ्याला पुढे पाठवलं गेलं. फ्रीडल यांनी स्वतः मागणी करून पाठोपाठच्या गाडीत जागा घेतली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आउशविट्झ-बिर्केनाऊला त्यांना मारण्यात आलं. वय सेहेचाळीस. नवरा मात्र वाचला. जाण्याआधी मुलांची चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून मागे ठेवली गेली होती. युद्ध संपल्यावर, ऑगस्ट १९४५ मध्ये, मुलींच्या वसतिगृहाचे प्रमुख विली ग्रोआग यांनी त्या बॅगा प्रागला पोचवल्या. आत सुमारे साडेचार हजार चित्रं होती. आज ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत.

त्या चित्रांवरची नावं जेव्हा गाड्यांच्या याद्यांशी ताडून पाहिली, तेव्हा कोण कुठे जन्मलं आणि कोणत्या तारखेच्या गाडीने गेलं ते कळलं. बहुतेक मुलं परत आली नाहीत. युरोपभर मारल्या गेलेल्या साठ लाख ज्यूंमध्ये पंधरा लाखांच्या आसपास मुलं होती. हा आकडा डोक्यात मावत नाही. पण एका अर्जाच्या पाठीवर चिकटवलेलं वाकडं घर आणि खाली पेन्सिलीने लिहिलेलं नाव, हे मावतं. नाव नसतं तर ते नुसतं 'एका मुलाचं चित्र' झालं असतं.

प्रागमध्ये पिंकास नावाचं जुनं प्रार्थनाघर आहे. त्याच्या भिंतींवर बोहेमिया आणि मोराव्हियातल्या मारल्या गेलेल्या जवळजवळ ऐंशी हजार ज्यूंची नावं हाताने लिहिली आहेत. पहिल्यांदा ती १९५० च्या दशकात लिहिली गेली. नंतर ओल आली, इमारत वर्षानुवर्षं बंद राहिली, नावं गेली. १९९० च्या दशकात माणसं पुन्हा ब्रश घेऊन बसली आणि सगळी नावं पुन्हा लिहिली. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर मुलांची चित्रं आहेत.

आपल्याकडेही या वादळातून निसटलेली माणसं आली. व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांच्या पत्नी ज्यू होत्या. ते १९३८ मध्ये मुंबईला आले आणि टाइम्स ऑफ इंडियात कलासंचालक झाले. रुडॉल्फ फॉन लायडेन वर्तमानपत्रांतून चित्रांवर लिहीत. एमॅन्युएल श्लेसिंगर यांनी इथे औषधांचा कारखाना काढला आणि तरुण चित्रकारांची चित्रं विकत घेतली. ते तरुण कोण? सूझा, रझा, आरा, पंढरपुरात जन्मलेले हुसेन, आपले हरी अंबादास गाडे आणि सदानंद बाक्रे. १९४७ चा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप तो हाच. ज्यांना तिकडे उखडलं त्यांनी इथल्या पोरांना हात दिला.

आणि एक मुंबईकर नाव. सायोना बेंजामिन. बेने इस्रायली, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी, आता अमेरिकेत असतात. भारतातल्या ज्यूंना भेटून, त्यांचे फोटो घेऊन त्यांनी एक चित्रमालिका केली. फोटो आणि रंगकाम एकत्र जोडून, एकेका चेहऱ्याभोवती त्याची गोष्ट. ही मालिका छळाची नाही, कारण इथे तसा छळ झाला नाही. तिकडची चित्रं गेलेल्या मुलांची नावं सांगतात, इकडची चित्रं असलेल्या माणसांचे चेहरे सांगतात. आजींच्या शेजाऱ्यांपैकीही बरेच जण पुढे इस्रायलला गेले, पण तिथेही घरात मराठी टिकून राहिली. हा फरक आपल्या मातीच्या पुण्याईचा आहे, आणि पुण्याई राखायची तर तो वेश ओळखता आला पाहिजे.

आता घरची गोष्ट. हे सगळं वाचल्यावर आम्ही मंडळाचं कपाट उघडलं. गेल्या काही वर्षांच्या चित्रकला स्पर्धेचे गठ्ठे काढले. जे रद्दीत गेले नव्हते ते. एकाही चित्रावर नाव नव्हतं! मागे फक्त क्रमांक. एकवीस, सदतीस, चार. नियम आमचाच. परीक्षकांना नाव कळू नये, निकाल निष्पक्ष लागावा, म्हणून. हेतू चांगला होता, आणि त्या छावणीशी याची तुलना कुणी करू नये, आम्हीही करत नाही. पण ज्या मुलांनी ती चित्रं काढली ती आता नोकरीला लागली, कुणी वापी, कुणी पुणे, कुणी परदेशात. चित्रं हातात आहेत, आणि कुणाला द्यायची ते आम्हाला सांगता येत नाही.

म्हणून यंदा श्रावणात चार रविवार आम्ही मुलांचं चिकटकाम घेतलं. सामान विकत आणलं नाही. ऑफिसांतले पाठकोरे कागद, यार्नच्या कोनचे पुठ्ठे, जुन्या लग्नपत्रिका, मिठाईचे खोके. मुलांना तेरेझिनची गोष्ट त्यांच्या वयाला झेपेल तेवढीच सांगितली. दुःखाचं चित्र काढा म्हटलं नाही. आठवतं ते चिकटवा, आणि पुढच्या बाजूला नाव लिहा, एवढंच सांगितलं.

एका मुलीने एसटीचं तिकीट चिकटवून त्याच्याभोवती मामाचं गाव केलं. एकाने खोक्यांच्या चंदेरी कागदाचा मधुबन धरण केला. गेल्या वर्षी मिशी लावून आलेला मुलगाही होता. त्याने क्रिकेटचं मैदान केलं. पुठ्ठ्याची गोल डोकी, प्रत्येकाखाली नाव. मराठी, गुजराती, बिहारी, ओडिया, बिल्डिंगमधली सगळी पोरं. आम्ही मोजली तर बारा भरली. 'अरे, अकरा असतात ना?' असं विचारलं. तो म्हणाला, 'बारावा गेला. त्याच्या पप्पांचं काम सुटलं. पण तो आमच्याच टीमचा आहे.' आम्ही पुढे काही विचारलं नाही.

ही सगळी चित्रं उजव्या बाजूच्या पडद्यावर लावली आहेत. जाताना जवळ जाऊन बघा, आणि नावं वाचा.

शेवटी मंडळाकडे दोन मागण्या. पहिली, पुढच्या वर्षीपासून चित्रावर नाव पुढच्या बाजूलाच असेल. निष्पक्षपणासाठी निकालापर्यंत त्यावर एक चिठ्ठी चिकटवू आणि निकालानंतर काढून टाकू. चिकटकाम आम्हाला आता येतं. दुसरी, वेशभूषेला जे पात्र येईल त्याची गोष्ट आधी आम्ही मुलाबरोबर बसून बोलू. बंदी नको, बोलणं हवं. मागणी मंडळाकडे असली तरी दोन्ही कामं आम्हीच करणार आहोत, फक्त मान्यता द्यावी.

आणि पालकांनो, विसर्जनानंतर मांडव उतरायच्या आत आपापल्या मुलाचं चित्र घरी न्या. ज्यांना जमणार नाही त्यांची चित्रं आम्ही कपाटात ठेवू. नाव लिहिलेलं आहे, त्यामुळे हरवणार नाहीत. कपाटातल्या जुन्या क्रमांकांपैकी एखादं चित्र ज्यांना ओळखू येईल त्यांनी येऊन सांगावं. एकवीस नंबर कोण, सदतीस कोण, चार कोण. आम्ही पेन घेऊन बसलो आहोत.

गणपती बाप्पा मोरया!